चावला नाही, पण खुबा मोडला

मी नाशिकमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. गंगापूर रोड, कॉलेज रोड, कृषीनगर हा माझा भाग. पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे. कुणाचा खुबा मोडलेला, कुणाचा गुडघा बदललेला, कुणी पक्षाघातातून हळूहळू उभं राहतंय. पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला विचारते, "कसे पडलात?" आणि उत्तर लिहून ठेवते, कारण पुढचा व्यायाम त्यावर ठरतो. बाथरूममध्ये घसरले. रात्री उठताना चक्कर आली. शेवटची पायरी दिसली नाही. यंदाच्या पावसाळ्यात मात्र एका काकांच्या कागदावर लिहिलं, "सोसायटीच्या गेटजवळ मोकळा कुत्रा अंगावर धावून आला, मागे सरकताना पडले."

त्यानंतर त्या सोसायटीत, इतर पेशंटच्या घरी, माझ्या स्वतःच्या नातेवाइकांत या प्रसंगावर जे बोललं गेलं, ते ऐकून हे लिहायला बसले आहे.

काका बँकेतून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जायचे, हातात साधी काठी. त्या दिवशी गेटमधून बाहेर पडत होते. समोरून जर्मन शेफर्डच्या जातीचा एक तरुण कुत्रा भुंकत आला. मालक बराच मागे होता, एका हातात फोन, दुसऱ्या हातात गुंडाळलेला पट्टा. कुत्रा काकांच्या समोर येऊन थांबला आणि तिथेच उभा राहून भुंकत राहिला. काका एक पाऊल मागे सरले, टाच पेव्हर ब्लॉकच्या कडेला अडकली आणि ते उजव्या कुशीवर पडले. कुत्र्याने त्यांना तोंडही लावलं नाही. मालक धावत आला आणि पहिलं वाक्य बोलला, "घाबरू नका काका, तो काही करत नाही."

एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाची मान मोडलेली दिसली. ऑपरेशन करून अर्धा सांधा बदलला. या वयात खुबा मोडणं म्हणजे काय असतं हे घरच्यांना पहिल्या दिवशी कळत नाही, मला कळतं. बरेच जण पुन्हा पूर्वीसारखं चालू शकत नाहीत. पहिल्या वर्षात दगावणाऱ्यांचं प्रमाणही मोठं आहे. कधी छातीत कफ साठतो, कधी पायात रक्ताची गुठळी होते, कधी माणूस अंथरुणातच खचत जातो. जे नीट चालू लागतात, त्यांच्यातही पडण्याची धास्ती इतकी बसते की ते जिना उतरणं सोडून देतात. घराबाहेर पडणं बंद झालं की पायातली उरलेली ताकदही जाते.

म्हणून "चावला तर नाही ना!" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. सोसायटीत ते अनेकांनी म्हटलं. दुष्टपणाने नाही, काकांना धीर द्यायला म्हणूनच. पण त्यातून असा हिशेब तयार झाला की कुत्र्याने दात लावले नाहीत, म्हणजे मालकाकडून काही घडलंच नाही, काका आपले आपण पडले.

काका आपले आपण पडले नाहीत. अचानक मागे पाऊल टाकून तोल सांभाळणं ही म्हातारपणी सगळ्यात आधी ढिली पडणारी गोष्ट. पुढे अडखळलो तर डोळ्यांना जमीन दिसते, हात पुढे येतात, पाऊल लांब पडतं. मागे जाताना यातलं काहीच मदतीला येत नाही. घोट्याने सावरायला हवं, ते जमलं नाही तर कमरेने, तेही नाही तर झटकन मागे मोठं पाऊल टाकून. सत्तरीनंतर या तिन्ही गोष्टी मंदावतात. त्यात खालून बारकं वाचायचा भाग असलेला चष्मा असेल तर पायाजवळचं सगळं धूसर दिसतं. रक्तदाबाची गोळी असेल तर आणखी एक अडचण. अशा माणसाच्या गुडघ्यापाशी पंचवीस-तीस किलोचं जनावर वेगाने आलं, तर त्याने चावायची गरजच नसते.

मालकाला आपला कुत्रा ठाऊक असतो, हे मी मान्य करते. घरात तो पोरांच्या अंगावर लोळत असेल, पाहुण्यांचे हात चाटत असेल. पण समोरून येणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच माहीत नसतं, आणि ते माहीत करून घेणं ही त्याची जबाबदारीही नाही. त्याला दिसतं ते फक्त वेगाने येणारं जनावर. त्या सेकंदात त्याचं शरीर जे करायचं ते करून टाकतं, मालकाचं आश्वासन त्यानंतर पोचतं. आणि कुत्राही घरात असतो तसाच बाहेर असेल याची खात्री कुणी देऊ नये. दीड-दोन वर्षांचा कुत्रा वयात येत असतो. काठी, छत्री, हेल्मेट, लंगडत चालणारा माणूस, असं काहीही नवीन दिसलं की तो बिथरू शकतो.

काकांची भाची वकिली करते. ती भेटायला आली तेव्हा मी व्यायाम घेत होते. काका तिला म्हणाले, "जाऊ दे, चावलेला नाही, पोलीस काय करणार?" तिने जे समजावलं त्यातलं बरंचसं मला नवीन होतं.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ (जुन्या दंड संहितेत २८९ होतं) चावण्याबद्दल बोलतच नाही. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणं, हाच तिथे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून परत पाठवत असतील तर एफआयआरचा आग्रह धरता येतो. शिवाय कलम १२५ आहे, निष्काळजी कृत्याने दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणण्याबद्दलचं. त्यात साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत आणि गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं याची यादी कलम ११६ मध्ये आहे आणि हाड मोडणं त्या यादीत सरळ नाव घेऊन आहे.

हे ऐकून मी हातातला थेराबँड (व्यायामाची रबरी पट्टी) खाली ठेवला. पोटरीवर दोन दात लागले आणि जखमा भरून आल्या, तर कायद्याच्या भाषेत ती बहुधा साधी दुखापत. काकांचा मोडलेला खुबा गंभीर. सोसायटीतल्या लोकांचा हिशेब नेमका उलटा होता.

आपल्या राज्यात आणखी एक जुनी तरतूद आहे, १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १०६. रस्त्यावर निष्काळजीपणाने जनावर मोकळं सोडून लोकांना धोका, इजा, भीती किंवा त्रास होऊ देणं, हिंस्र कुत्रा मुसकं न घालता मोकळा सोडणं, कुणावर कुत्रा छू करणं, हे सगळं त्यात येतं. "भीती" हा शब्द कायद्यात सत्तर वर्षांपासून आहे आणि आपण अजून दात लागले का ते शोधतोय.

कोर्टात हे टिकतं का, असं काकांनी विचारलं. टिकतं, पण वेळ लागतो. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका ज्येष्ठ माणसाला ओळखीच्याच माणसाच्या रॉटवायलरने चावे घेतले होते. गिरगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये मालकाने रहिवाशाचं न ऐकता हस्की कुत्रा लिफ्टमध्ये आणला आणि तो चावला. त्या मालकाला २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. वर्षं बघितली की धीर खचतो. तरी या दोन्ही घटना मी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितल्या, कारण "कुत्र्यावरून कुणी तुरुंगात जात नाही" हे त्यांचं ठाम मत होतं.

आता काठीचा विषय. शेजारच्या एका गृहस्थांनी काकांना विचारलं, "हातात काठी होती ना? एक हाणायची." वरच्या मजल्यावरच्या मुलीने, जी रोज भटक्या कुत्र्यांना जेवण देते, अगदी उलट सांगितलं, "बरं झालं मारली नाहीत, नाहीतर तुमच्यावरच केस झाली असती."

गृहस्थांचं म्हणणं मला माझ्या धंद्यामुळे पटत नाही. आधारासाठी काठी वापरणाऱ्या माणसाची काठी हा त्याचा तिसरा पाय असतो. ती हवेत उगारली की तो दोन कमजोर पायांवर उरतो, वर हाताच्या झोक्याने शरीर फिरतं. मारायला गेलेला म्हातारा माणूस कुत्र्याच्या आधी स्वतः खाली येतो.

मुलीचं म्हणणं कायद्याने बरोबर नाही. भाचीने हेही नीट सांगितलं. स्वसंरक्षणाचा जो हक्क आपण ऐकून असतो (न्याय संहितेत कलम ३४ पासून पुढे), तो माणसाने केलेल्या गुन्ह्याविरुद्धचा आहे, आणि कुत्रा गुन्हा करू शकत नाही. मालकानेच कुत्रा अंगावर सोडला तर गोष्ट वेगळी. मग कुत्रा हे त्याचं हत्यार, आणि जनावराच्या साहाय्याने इजा करणं कलम ११८ मध्ये शस्त्राने इजा करण्याच्या बरोबरीने लिहिलं आहे. पण एरवी, नुसता सुटलेला कुत्रा समोर आला, तर आपल्या बाजूला उभं राहतं ते कलम १९. मोठं नुकसान टाळण्यासाठी, वाईट हेतू न ठेवता, चांगल्या विश्वासाने केलेलं छोटं नुकसान गुन्हा ठरत नाही. कायद्यात तिथे आगीचं उदाहरण दिलं आहे: आग पसरू नये म्हणून मधली घरं पाडणारा माणूस. अंगावर येणाऱ्या कुत्र्याला छत्री, बॅग, काठी, जे हाताशी असेल त्याने अडवणं, तो लचका तोडत असेल तर मारणंसुद्धा, यात बसतं.

धोका संपला की ही मुभाही संपते. कुत्रा मागे फिरला, मालकाने धरला, आणि त्यानंतर रागाने दगड घातला, दुसऱ्या दिवशी विष ठेवलं, तर तो सरळ गुन्हा आहे. जनावराला मारून टाकणं किंवा जायबंदी करणं याला कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वेगळा. मला ही रेषा अगदी योग्य वाटते. त्या शेफर्डचा यात काहीच दोष नाही. त्याला कुणी शिकवलं नाही आणि कुणी धरलं नाही.

मग रस्त्यावर त्या क्षणी करायचं काय? मला हा प्रश्न कामामुळे अनेकदा पडतो, कारण मी अनोळखी घरांची फाटकं उघडत असते. एका रो-हाऊसमध्ये डॉबरमन मोकळा होता आणि फाटकाची कडी काढल्यावर मला तो दिसला. परत फिरून पळाले असते तर तो मागे आला असता. पळणाऱ्याच्या मागे लागणं त्यांच्या रक्तात आहे. मी थांबले. त्याच्याकडे कुशी करून उभी राहिले, डोळ्यांत न बघता त्याच्या पायांकडे बघितलं, आणि मशीनची बॅग गुडघ्यांपुढे धरली. त्याने बॅग हुंगली, मग गुरगुरत तिथेच उभा राहिला. बॅग तशीच मध्ये धरून मी पावलं न उचलता, घासत मागे गेले आणि फाटक ओढून घेतलं. आता मी नवीन घरी जाताना आधी फोन करते आणि कुत्रा बांधल्याशिवाय फाटकाला हात लावत नाही. कुणाला राग आला तर येऊ दे.

आपल्याकडे लहानपणापासून हाताला एक सवय लागलेली असते. कुत्रा भुंकला की खाली वाकायचं, दगड उचलल्यासारखं करायचं, "हाड" म्हणायचं. रस्त्यावरचा कुत्रा ती हालचाल बरोबर ओळखतो, कारण त्याने दगड खाल्लेले असतात. फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्याला त्यातलं काहीच कळत नाही. उलट वाकलेल्या माणसाचा चेहरा आणि गळा त्याच्या तोंडासमोर येतो. त्यापेक्षा खणखणीत आवाजात "नो" किंवा "सिट" म्हणून बघावं; आपल्याकडचे बहुतेक पाळीव कुत्रे या दोन आज्ञा घरी ऐकत असतात. किंचाळू नये.

भुंकणारा प्रत्येक कुत्रा चावत नाही. मला जास्त भीती वाटते ती अचानक गप्प होऊन ताठ उभ्या राहिलेल्या, नजर खिळवलेल्या कुत्र्याची. शेपूट हलतंय म्हणजे लाडात आहे, असंही नाही. ताठ उभं शेपूट आखूड आणि भरभर हलत असेल तर सावध राहावं. चावलाच तर हात किंवा पाय हिसडा देऊन ओढू नये, जखम फाटते. खाली पडलात तर गुडघे पोटाशी घ्यावेत, हात मानेमागे, कान झाकून.

काठी किंवा वॉकर असलेल्यांना मी वेगळं शिकवते. मागे जायचं नाही. थांबायचं, जवळ भिंत किंवा उभी गाडी असेल तर तिला पाठ टेकायची, काठीचं टोक जमिनीवरच ठेवून आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये आणायचं. वॉकर असेल तर तोच कुंपण. आणि मोठ्याने हाक मारायची: "कुत्रा धरा!" संकोच करायचा नाही. आपली म्हातारी माणसं इथेच कमी पडतात, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतात.

दात लागले तर काय, हेही सांगून ठेवते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लस सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. त्वचेत देतात तेव्हा पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढचे डोस. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. "आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे" असं मालक म्हणाला तर कार्ड जरूर बघा, पण त्या भरवशावर स्वतःची लस पुढे ढकलू नका. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर उपाय उरत नाही.

भटक्या कुत्र्यांबद्दल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले, ऑगस्टमध्ये एक, काही दिवसांतच त्यात बदल, नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकांबद्दल पुन्हा नवे. त्यावर घरोघरी भांडणं झाली. तो प्रश्न खरोखर अवघड आहे, कारण तिथे जबाबदार कोण हे बोट ठेवून सांगता येत नाही. पाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ते सांगता येतं. त्याला घर आहे, नाव आहे, मालक आहे, आणि मालकाच्या हातात पट्टासुद्धा होता.

पट्टा म्हणजे कुत्र्यावर अन्याय, असं मला त्या मालकाच्या आईने सांगितलं. त्याला पळायला हवं, हे मी मानते. मोठ्या जातीचा कुत्रा फ्लॅटमध्ये कोंडून ठेवणं वाईटच. पण पळायला कुंपण घातलेली जागा लागते, लांब दोरी लागते, हाक मारल्यावर परत यायची शिकवण लागते. सोसायटीचं गेट ही ती जागा नव्हे. तिथून पुढे दहा पावलांवर रिक्षा धावतात, त्याच्याही जिवाला धोका आहेच. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येणार नाही असं म्हटलं आहे, ते मला मान्य आहे. त्याच सूचनांमध्ये मालकांनी सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्यात ठेवावा असंही म्हटलं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर पहिला भाग फिरला, दुसरा फिरला नाही. म्हणून मी तो फिरवला.

माझ्या एका पेशंट आजींच्या इमारतीत लॅब्रॅडॉर आहे. त्याला फिरवणारी कॉलेजातली मुलगी समोरून कुणी येताना दिसलं की पट्टा आखडून घेते, कडेला होते आणि कुत्र्याला बसवते. आजी वॉकर घेऊन पुढे गेल्या की मगच ती निघते. आजी आता त्याच्याशी दोन शब्द बोलून पुढे जातात. कुणी कुणाला काही समजावलं नाही, त्या मुलीने फक्त थांबायची सवय लावून घेतली.

काकांनी तक्रार दिली आहे. त्यावरून त्यांना कटकटे म्हणणारे लोक आहेत, "मुलगा चांगल्या घरातला आहे, मिटवून टाका" असा निरोप घेऊन दोघेजण येऊनही गेले. मालकाने दवाखान्याच्या बिलातला काही भाग द्यायची तयारी दाखवली. काका म्हणाले, ते देतोस तर दे, पण जे घडलं ते कागदावर यायला हवं. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. माझ्या पहिल्या भेटीची नोंद, पडण्याच्या कारणासकट, मी सही करून भाचीकडे दिली आहे.

पुरवणी जबाबाला पोलीस ठाण्यात जायचं आहे. तिथे चार पायऱ्या आहेत, कठडा एकाच बाजूला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, काठी कठड्याच्या विरुद्ध हातात. पोलीस घरी येऊन जबाब घेऊ शकतात असं भाचीने सुचवलं होतं. काकांना चालत जायचं आहे, म्हणून आमचा पायऱ्यांचा सराव सोमवारपासून सुरू झालाय.